सत्ता एडिंबरापर्यंत आली, पुढे?

लंडनची सत्ता स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबराला आली म्हणजे ती लोकांच्या जवळ आली, असं म्हटलं जातं. अर्धंच खरं आहे हो. १९९९ला स्कॉटिश पार्लमेंट आलं, चांगलंच झालं, पण खालच्या ३२ कौन्सिलांकडे (म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थांकडे) बघा ना, त्यांचा बहुतेक पैसा एडिंबराच्या ग्रँटमधून येतो, स्वतःचा म्हणावा असा मुख्य कर म्हणजे कौन्सिल टॅक्स, घराच्या किमतीवरून ठरणारा, आणि तोही २००८ पासून नऊ वर्षं फ्रीझ, म्हणजे वाढवायचा नाही. कायद्याने बंदी नव्हती, पण वाढवला की वरून मिळणारे जादा पैसे गेले, मग कोण वाढवतंय! (त्यासाठी घरांच्या किमती अजून १९९१च्याच धरतात, तो वेगळाच विनोद.) २०१३ला एडिंबराने आठ प्रादेशिक पोलीस दलं मोडून सगळ्या स्कॉटलंडचं एकच केलं, फायर ब्रिगेडचंही तेच. २०२३मध्ये तेव्हाचे स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर (सरकारप्रमुख) हमझा युसुफनी त्यांच्या एसएनपी या स्वतंत्र स्कॉटलंडवादी पक्षाच्या अधिवेशनात कौन्सिल टॅक्सचा परत फ्रीझ जाहीर केला, कौन्सिलांना न विचारताच. आर्गाइल अँड ब्यूट कौन्सिलने तरी १० टक्के वाढ मंजूर केली होती, पण नंतर मागे घेतली. लंडन आमचं ऐकत नाही म्हणणारेच खालच्यांशी असं वागतात, हे मला जास्त खटकतं.