जिप्सीचे नवीन फ्लेअर (चाकावरच्या रुंद कडा) बसवताना भोकं जुळत नाहीयेत, काय करू?

जिप्सीप्रेमी_कोथरूड: नमस्कार मंडळी, माझी २००४ ची मारुती जिप्सी किंग आहे, एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवाली), आणि मागच्या पावसाळ्यात ताम्हिणीकडे एका दगडाला घासून पुढच्या डाव्या बाजूचा फ्लेअर अर्धा तुटला, बाकीचे तीन पण उन्हाने पांढरे पडलेत म्हणून म्हटलं चारही बदलू. नाना पेठेतून फायबरचा सेट आणला, दुकानदार म्हणाला "डायरेक्ट फिटिंग आहे साहेब", घरी लावून बघतो तर एक भोक जुळलं की पुढचं अर्धा बोट सरकलेलं. पत्र्याला नवीन भोकं पाडू की फ्लेअरला? आणि जुने स्क्रू तर गंजून फिरतच नाहीयेत.

घाटातला_भिडू: फ्लेअरला पाड, पत्र्याला अजिबात नको. पत्र्यात जेवढी नवी भोकं तेवढी गंजाची नवी घरं. फ्लेअर मास्किंग टेपने जागेवर चिकटव, वरचं मधलं भोक आधी पकड आणि तिथून दोन्ही बाजूंना जा, शेवटपर्यंत एकही बोल्ट पूर्ण आवळू नकोस. फायबरला भोक बोल्टपेक्षा एक-दीड मिमी मोठं ठेव आणि मोठं वायसर टाक, नाहीतर भोकापासून तडा जातो. माझा गेलाय, दोनदा 😅

पत्राकाम_हडपसर: भोकांचं नंतर बघा, आधी जुने फ्लेअर काढून खालचा पत्रा बघा. फ्लेअर आणि पत्र्याच्या मधे चिखल अडकतो, तो सुकत नाही, आणि बाहेरून गाडी एकदम चकाचक दिसते. फिरत नसलेल्या स्क्रूवर गंज सुटायचं तेल मारून रात्रभर ठेवा, तरी नाही निघाला तर डोकं ग्राइंडरने उडवा. मग तारेच्या ब्रशने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा, खड्ड्यांत उरलेल्या गंजावर गंज कन्व्हर्टर (गंज थांबवणारं रसायन), मग एपॉक्सी प्रायमर, पेंट. भोकांच्या कडांना पण प्रायमर लावायचा, हे सगळे विसरतात. पत्रा आणि फ्लेअरमधे रबर बीडिंग लागतंच, नाहीतर फायबर थरथरून रंग खातं. आणि मागच्या मडगार्डला ड्रिल लावलंच तर आधी आतून हात घालून बघा, पेट्रोलचा पाइप आणि टेललाइटची वायर कुठून गेलीय ते.

जिप्सीप्रेमी_कोथरूड: धन्यवाद काका. अजून एक, फ्लेअर नवीन घेतलेच आहेत तर २३५ चे (मिमी रुंदीचे) टायर टाकायचा विचार आहे, आत्ता २०५/७० आर १५ आहेत.

वाइडट्रॅक_१९९३: आता फ्लेअरसाठी टायर की टायरसाठी फ्लेअर ते ठरवा आधी 😀 ८५ ची पहिली जिप्सी अरुंद होती, ९३ ला वाइड ट्रॅक आली, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ९० मिमी वाढलं तेव्हा कंपनीने हे फ्लेअर दिले, म्हणजे ही काही सजावट नाही, चाकाने उडवलेला चिखल-दगड अडवायला आहेत. २३५ टाकले तर टायर फ्लेअरच्या बाहेर येतो का ते बघा आणि मुख्य म्हणजे स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून (फुल लॉक), एक चाक फुटपाथवर चढवून बघा कुठे घासतंय. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आरसीतल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल चालत नाही, २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. सिग्नलला मामांनी थांबवलं तर "फक्त दोन इंच आहे हो" चालत नाही. २१५/७५ घ्या, बघा पटतंय का.

घाटातला_भिडू: +१, आणि बोल्ट स्टेनलेसचे घे, नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले, सैल न होणारे) लाव, आतून ग्रीस. सेल्फ टॅपिंग (पत्र्यात स्वतःच आटे पाडणारे) स्क्रू परत नको, पुढच्या वेळी परत हीच रडकथा.

जिप्सीप्रेमी_कोथरूड: आज डावा पुढचा काढला. काका म्हणाले तेच, खाली पाच रुपयाच्या नाण्याएवढं आरपार भोक आणि मुठीएवढी माती, त्यात चक्क गवत उगवलंय. टायर कॅन्सल. हा तुकडा कापून नवीन पत्रा वेल्ड करायला लागेल ना, का लांबी (पुट्टी) भरून भागेल?

पत्राकाम_हडपसर: आरपार आहे तर लांबी नाही टिकणार, एका पावसात फुगून निघेल. कापा. उरलेले तीन पण काढा आजच.