युरोपातील मंत्रपोथ्यांमध्ये इतक्या ख्रिस्ती प्रार्थना कशा आल्या?

कंदील:

युरोपातील जादूच्या जुन्या पोथ्यांविषयी गेले काही महिने वाचत आहे आणि एक कोडे काही केल्या सुटत नाही. ‘सॉलोमनची किल्ली’ या पोथीचे मॅथर्स यांनी ब्रिटिश म्युझियममधील हस्तलिखितांवरून केलेले आणि १८८९ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी रूप नुकतेच वाचून संपवले. चर्चने ज्या पोथ्यांना सैतानी ठरवले, त्यांत चर्चची निंदानालस्ती असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पानोपानी उपवास, स्नान, बायबलमधील स्तोत्रे आणि पापांची कबुली आढळते. पिशाचाला बोलावायचे तेही देवाच्या नावाचा धाक घालून! या पोथ्या मुळात लिहिल्या कोणी? आणि चेटकीण ठरवून ज्या स्त्रियांना मारले गेले, त्यांचा या पोथ्यांशी काही संबंध होता का?

बोरू:

आपल्या कोड्याची उकल लेखकांच्या पेशात आहे. मध्ययुगात लॅटिन लिहिता-वाचता येणारा माणूस म्हणजे बहुधा चर्चच्याच छायेतला: धर्मगुरू, मठवासी किंवा विद्यापीठात शिकणारा तरुण. धर्मगुरू होण्याआधी ज्या खालच्या पायऱ्या चढाव्या लागत, त्यांपैकी एक ‘भूत काढणाऱ्या’ची होती, आणि ती दीक्षा देताना बिशप उमेदवाराच्या हातात भूत काढण्याच्या मंत्रांचे पुस्तक देत असे. म्हणजे पिशाचाला देवाच्या नावाने शपथ घालून हुकूम कसा सोडायचा, हे शिक्षण चर्चच देत होते. त्या मंत्रातील ‘या देहातून चालता हो’ याच्या जागी ‘या वर्तुळापाशी ये आणि विचारलेल्याचे उत्तर दे’ असे घातले की मंत्रपोथीचा गाभा तयार होतो.

म्युनिकच्या ग्रंथालयात पंधराव्या शतकातले असे एक लॅटिन हस्तलिखित आहे. रिचर्ड कीकहेफर या इतिहासकाराने ते १९९७ मध्ये संपादित करून छापले. त्यातील चोर शोधण्याचे विधी मला फार बोलके वाटतात. एका लहान मुलाला समोर बसवायचे, त्याचे नख तेल लावून चकचकीत करायचे आणि मंत्र म्हणत त्या नखात काय दिसते ते त्याला विचारायचे. हरवलेली वस्तू, बड्या माणसाची मर्जी, हवी ती स्त्री, झटपट विद्या, याच या पोथ्यांतल्या इच्छा. सैतानाची पूजा करावी ही त्यांतली आकांक्षाच नव्हे. लिहिणारा स्वतःला भाविक ख्रिस्ती समजत होता, आणि हे आपण मनापासून मान्य केल्याशिवाय पोथ्यांचा अर्थ लागत नाही.

झटपट विद्येसाठी तर ‘आर्स नोटोरिया’ हे स्वतंत्र अनुष्ठानच होते. विशिष्ट आकृत्यांवर नजर स्थिर ठेवून महिनोन्‌महिने प्रार्थना केली की व्याकरण, तर्कशास्त्र आणि उत्तम स्मरणशक्ती लाभते, असे त्यात सांगितले होते. फ्रान्समधील मोरिन्यी येथील जॉन नावाच्या बेनेडिक्टाइन साधूने ते केले, त्याला भयंकर दृष्टान्त झाले, आणि ते सोडून त्याने माता मेरीला वाहिलेला स्वतःचा प्रार्थनाग्रंथ रचला. १३२३ साली पॅरिसमध्ये तो ग्रंथही जाळण्यात आला.

मातृका:

बोरू यांचे विवेचन पटण्यासारखे आहे, पण त्यामुळे सगळी सामग्री चर्चमधूनच आली असा समज व्हायला नको. ग्रहांच्या होऱ्याप्रमाणे विधीची वेळ धरणे, धातूच्या पत्र्यावर ग्रहाची मुद्रा कोरणे, त्या ग्रहाला योग्य असा धूप जाळणे हा मोठा भाग अरबी विद्येतून आला. ‘पिकाट्रिक्स’ या नावाने गाजलेला ग्रंथ मूळ अरबी. स्पेनमधील कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो याच्या दरबारात १२५६ च्या सुमारास तो तिथल्या देशी भाषेत आणला गेला आणि पुढे लॅटिनमध्ये उतरला.

ज्यू परंपरेचे ऋण तर विधीसाठी आखायच्या वर्तुळातच लिहिलेले दिसते. ‘अगला’ हा शब्द पाहा. ‘हे प्रभो, तू सदैव सामर्थ्यवान आहेस’ अशा अर्थाच्या चार हिब्रू शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. नकलणाऱ्या बहुतेकांना हिब्रू येत नव्हते, त्यामुळे नावे बरहुकूम उतरवता उतरवता त्यांची रूपे बिघडत गेली, आणि काही पोथ्यांत तर मूळ नाव ओळखूही येत नाही. तरीही ती गाळण्याचे धाडस कोणी केले नाही, कारण अर्थ कळो न कळो, नावातच सामर्थ्य आहे ही श्रद्धा पक्की होती. शलमोन (म्हणजेच सॉलोमन) राजाने पिशाचांना कामाला जुंपले ही कथाही ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लीम अशा तिन्ही परंपरांना ठाऊक होती. इतक्या पोथ्या त्याच्या नावावर का खपल्या, याचे कारण मला यातच दिसते.

कंदील:

दोघांचेही आभार. ‘अगला’चा उलगडा वाचून तर पोथीतील वर्तुळे पुन्हा उघडून बसलो. मग छपाई आल्यावर काय झाले? आणि स्त्रियांचा प्रश्न तसाच राहिला.

ताम्रपट:

छपाईच्या काळातली गोष्ट विलक्षण आहे, कारण पोथ्यांच्या प्रसाराला त्यांच्या विरोधकांचाच मोठा हातभार लागला. योहान वायर हा वैद्य गूढविद्येवर लिहिणाऱ्या अग्रिप्पा या विद्वानाचा शिष्य. तथाकथित चेटकिणी या बहुधा आजारी, भ्रमिष्ट स्त्रिया असतात, त्यांना मारू नका, असे त्याने १५६३ साली लिहिले. १५७७ मध्ये त्याने ६९ पिशाचांची यादी छापली, ती या मंत्रविद्येचा फोलपणा दाखवण्यासाठी. कोणी वाचून प्रयोग करू नये म्हणून मंत्रांतले काही शब्द त्याने मुद्दाम गाळले. १५८४ मध्ये इंग्लंडच्या रेजिनल्ड स्कॉटने हीच यादी इंग्रजीत आणली आणि इतर अनेक मंत्र-विधीही उघडे केले, तेही खंडनासाठीच. परंतु ज्यांना लॅटिन येत नव्हते अशा गावोगावच्या मांत्रिकांना आयती इंग्रजी पोथी मिळाली.

आता स्त्रियांविषयी. युरोपात चेटुकाच्या खटल्यांत साधारण ४० ते ५० हजार माणसे मारली गेली असे आज बहुतेक इतिहासकार मानतात आणि त्यांत स्त्रियाच बहुसंख्य होत्या. पण त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती. त्यांच्यावरचे आरोप गाय आटली, मूल दगावले, शेजारणीने शाप दिला अशा स्वरूपाचे असत. पोथी जवळ बाळगल्याचा आरोप सहसा पुरुषांवर येई. व्हेनिसच्या धर्मन्यायालयाच्या दप्तरात ‘सॉलोमनची किल्ली’ जप्त झाल्याच्या नोंदी पुन्हा पुन्हा येतात, आणि त्या प्रकरणांत धर्मगुरू व मठवासी सापडतात. पोथीवाल्यांना शिक्षा होई, क्वचित प्राणही जात, परंतु गावातल्या निरक्षर बाईइतके असहाय ते सहसा नसत. दोन्ही इतिहासांना ‘जादू’ हे एकच नाव पडल्यामुळे आपली गल्लत होते, आणि या गल्लतीत त्या बायकांवरचा अन्याय झाकला जातो असे मला वाटते.

स्कॉटच्या पुस्तकाचे पुढे काय झाले तेही सांगून ठेवतो. १६६५ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली तेव्हा स्कॉट हयात नव्हता, आणि त्या आवृत्तीत कोणा अज्ञात लेखकाने आणखी काही विधी जोडले होते. ते खंडनासाठी नव्हते. प्रत्यक्ष करून पाहता यावेत असेच लिहिलेले होते.