गणपतीने दूध प्यायलं होतं? घरातल्या समजुतींचे अनुभव

काल सोसायटीच्या ग्रुपवर ग्रहणात भाजी चिरण्यावरून जुंपली. एकीने लिहिलं, "माझी श्रद्धा आहे, खरी-खोटी ठरवणारे तुम्ही कोण?" मला एकदम २१ सप्टेंबर १९९५ आठवला. नौपाड्यात आमच्या चाळीत सकाळीच बातमी, गणपती दूध पितोय! आजी वाटी घेऊन रांगेत, मी मागे. चमचा सोंडेला लावला आणि दूध खरंच कमी झालं, या डोळ्यांनी पाहिलंय. मग शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवलं: पृष्ठताणामुळे दूध चमच्याबाहेर ओढलं जातं आणि पातळ थराने मूर्तीवरून ओघळतं. आजी म्हणाली, "ओघळू दे. माझ्या हातून घेतलं, मला बरं वाटलं." दूध कुठे गेलं ते तपासता येतं. तिला बरं वाटलं, ते कोण खोडणार? टाका तुमचेही किस्से.

टवाळ कळवेकर
त्या दिवशी दूध संपलं म्हणून आमच्याकडे कोरा चहा. बाबांची श्रद्धा तिथेच आटली 😂

नेरुळची सून
२६ डिसेंबर २०१९चं सूर्यग्रहण, मला सातवा महिना. सकाळी आठ ते अकरा पलंगावर, सुरी नाही, सुई नाही. मी स्वतः लॅबमध्ये काम करते, तरी मुकाट बसले. कारण सासूबाईंचा मोठा मुलगा, म्हणजे माझे दीर, दुभंगलेला ओठ घेऊन जन्मले आणि "ग्रहणात भाजी चिरलीस" हे त्या बाईने आयुष्यभर ऐकलं. इथे "ज्याची त्याची श्रद्धा" म्हणणारे मला निर्दयी वाटतात. तेव्हा कोणी ठणकावून "हे साफ खोटं आहे" म्हणालं असतं तर सुटल्या असत्या. बाळ उठलं, नंतर लिहिते

अनामिका ठाणे
सुनबाई, मिठी. वाचून पोटात कालवलं.

काळा कोट
संविधानाचं कलम २५ सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं आणि कलम ५१क वैज्ञानिक दृष्टिकोन हे कर्तव्य सांगतं. दोन्ही एकत्र नांदतात. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा मनात काय आहे ते विचारत नाही, काय केलंत ते विचारतो. साप, कुत्रा चावल्यावर डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं त्यात गुन्हा आहे.

येऊर पायथा
वकीलसाहेब, आमच्याकडे हेच झालं. चुलत्यांना साप चावला, पायरीवर उतारा सुरू. काकूने कोणाचं न ऐकता रिक्षा बोलावली. वाचले. आता गावभर सांगतात, उताऱ्याने वाचलो! काकू म्हणते सांगू दे, पुढच्या वेळी पण रिक्षाच.

टवाळ कळवेकर
काकूंना साष्टांग 🙏

अनामिका ठाणे
अवांतर: पितळी भांड्यांना कल्हई ठाण्यात कुठे होते?

येऊर पायथा
जांभळी नाक्याच्या बाजारात विचारून बघा.

गाडी चुकली
पण "मला देव भेटतो" आणि "कडुनिंबाने शुगर जाते" एका पारड्यात कसं? पहिलं कसं तपासणार तेच कळत नाही. दुसरं रक्त काढून तपासता येतं. वडिलांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्या बंद केल्या होत्या, आम्ही भांडलो नाही, वाईट वाटेल म्हणून. पायाचं बोट गेलं. आलं सानपाडा, उतरतोय

सिडकोवाले काका
सोडतीत दक्षिणमुखी घर लागलं. सगळे म्हणाले घेऊ नका. घेतलं. मुलं शिकली, गुडघे दुखतात. समोरच्या पूर्वमुखीवाल्यांचेही दुखतात. पुरावा म्हणून सांगत नाही.

टवाळ कळवेकर
काका, विकणार असाल तर दक्षिणमुखीचा भाव लावा. माझी कशावरच श्रद्धा नाही.

सिडकोवाले काका
भावावर माझी आहे. विपू (विचारपूस) बघा, तिथे लिहिलंय.