तलवार दिसते, जाते दिसत नाही : अद्भुतकादंबरीतले ‘वास्तव’ मध्ययुग (टोपणनावांनी लिहिणाऱ्या वाचकांची चर्चा)

ओंजळ :

गेल्या तीसेक वर्षांत इंग्रजीत लोकप्रिय झालेल्या अद्भुतकादंबऱ्यांपैकी (फँटसी) बऱ्याच ‘ग्रिमडार्क’, म्हणजे काळोख्या आणि क्रूर जगाच्या कथा, या नावाने ओळखल्या जातात. त्यांतली राज्ये काल्पनिक असली, तरी किल्ले, सरदार, मठ आणि कुळे पाहिली की हे जग चौदाव्या-पंधराव्या शतकांतल्या इंग्लंड-फ्रान्सवर बेतलेले आहे हे लगेच कळते. त्यांतल्या कत्तली, बलात्कार आणि छळ यांवर कोणी आक्षेप घेतला, की ‘मध्ययुग असेच होते’ हे उत्तर ठरलेले असते. माझे म्हणणे असे आहे, की त्या काळातले खरे हाल या कादंबऱ्यांत फारसे येतच नाहीत.

भुकेचेच पाहू. त्या काळी गव्हाचा एक दाणा पेरला की साधारण तीन-चार दाणे हाती येत, म्हणजे पिकाचा निदान चौथा हिस्सा पुढच्या पेरणीसाठी बाजूला ठेवावाच लागे. 1315 च्या वसंतात उत्तर युरोपात पाऊस सुरू झाला तो थांबेना. धान्य शेतात कुजले, वैरण वाळेना, आणि खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार होईना, त्यामुळे मांस खारवून ठेवण्याची सोयही गेली. बियाणे खावे तर पुढचे वर्ष गेले आणि ठेवावे तर घरातले मूल गेले, या पेचात लाखो कुटुंबे 1317 पर्यंत अडकलेली होती. दोन वर्षांनी गुरांची साथ आली. शेकडो पानांच्या कादंबरीत दहा लढायांना जागा मिळते, पण बियाण्याच्या कणगीसमोर उभ्या राहिलेल्या आईला एक परिच्छेदही मिळत नाही.

दुसरे उदाहरण माझ्या मनातून जात नाही. इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्स येथील मठाच्या कुळांना आपले धान्य मठाच्याच गिरणीत दळून घ्यावे लागे आणि त्या दळणातला वाटा मठाला द्यावा लागे. लोक घरी जात्यावर दळू लागले, तेव्हा वॉलिंगफर्डचा रिचर्ड या मठाधिपतीने घराघरांतली जाती जप्त केली आणि त्यांचे दगड मठातल्या बैठकीच्या दालनात फरशीसारखे बसवून घेतले. हा रिचर्ड त्या काळातला मोठा गणिती होता. ग्रहताऱ्यांच्या गती दाखवणाऱ्या एका अद्भुत घड्याळाची रचना त्याने केली. पुढे 1381 मध्ये शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा सेंट ऑल्बन्सचे लोक मठात शिरले, त्यांनी ती फरशी उखडली, दगड फोडले आणि चर्चमध्ये रविवारी आशीर्वादाची भाकरी वाटतात तसे त्यांचे तुकडे आपसांत वाटून घेतले. ही जाती जप्त झाल्याला तोवर अर्धे शतक उलटले होते. दगड उचलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आपल्या आजीचे जाते डोळ्यांनी पाहिलेलेही नसणार.

या घटनेत जुलूम आहे, अपमान आहे आणि पन्नास वर्षे जपलेला राग आहे, शिवाय त्या जुलमाचा कर्ता विद्वान आणि कर्तबगार माणूस आहे. ‘वास्तववादी’ म्हणवणाऱ्या अद्भुतकथेला हे का सुचत नाही, हा माझा प्रश्न आहे.

खडकमाळ :

आपली उदाहरणे मला मान्य आहेत, पण निष्कर्ष मान्य नाही. आपण हिंसेला एका बाजूला आणि ‘खऱ्या’ दुःखाला दुसऱ्या बाजूला ठेवले आहे. त्या काळच्या माणसाला ही वाटणी कळली नसती.

1355 च्या शरद ऋतूत इंग्लंडचा युवराज, ज्याला पुढच्या पिढ्यांनी शौर्य आणि शिष्टाचाराचा आदर्श मानले तो ब्लॅक प्रिन्स, बोर्दो येथून निघाला आणि भूमध्य समुद्राजवळच्या नारबॉनपर्यंत जाऊन परतला. या सुमारे दोन महिन्यांत मोठी लढाई झाली नाही, कारण लढाई हा मोहिमेचा हेतूच नव्हता. गावे, कोठारे, गिरण्या जाळायच्या, म्हणजे फ्रान्सच्या राजाला तिथून महसूल मिळणार नाही, असा सरळ हिशोब होता. वाटेतल्या कार्कासोन शहराचे खालचे नगर असेच जाळले गेले. आपण ज्या कणगीसमोर आईला उभे केले आहे, ती कणगी जाळणारा माणूस चिलखत घालून घोड्यावर बसला होता, आणि त्याच्या नावाने पोवाडे लिहिले गेले.

1996 मध्ये यॉर्कशरमधल्या टाउटनजवळ बांधकाम चालू असताना 1461 च्या लढाईतले सामुदायिक दफन सापडले. सुमारे चाळीस सांगाडे होते आणि बहुतेकांच्या कवट्यांवर अनेक घाव होते. मेलेल्या किंवा पडलेल्या माणसावरही वार होत राहिल्याशिवाय असे घाव होत नाहीत. ग्रिमडार्कच्या आधीच्या पुष्कळ अद्भुतकथांत शत्रू एका वाराने, स्वच्छपणे मरत असे आणि गाव दूरवर धूर होऊन दिसे. ते खोटे होते. ते खोटे मोडण्याचे काम या लेखकांनी केले, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

सांजवेळ :

मी एका वाचकाच्या नात्याने लिहिते. मला हिंसेच्या प्रमाणापेक्षा तिच्याकडे पाहण्याच्या दृष्टीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. कोवळ्या मुलींचे विवाह आणि त्यांच्यावरचे अत्याचार यांचे समर्थन करताना ‘तेव्हा लोकांना त्यात काही गैर वाटत नसे’ असे नेहमी सांगितले जाते. मार्गारेट बोफर्टचे उदाहरण पाहा. बाराव्या वर्षी तिचा विवाह एडमंड ट्यूडरशी झाला. तो साथीत मेला तेव्हा ती गरोदर होती, आणि जानेवारी 1457 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, तिने पेंब्रोकच्या किल्ल्यात मुलाला जन्म दिला. तोच पुढे इंग्लंडचा सातवा हेन्री झाला. त्यानंतर तिला कधीही मूल झाले नाही.

हे इथवर सांगितले की ग्रिमडार्कचे समर्थक म्हणतील, पाहा, आम्ही हेच लिहितो. पण चाळीस वर्षांनंतर तिच्या नातीला स्कॉटलंडच्या राजाकडे पाठवण्याची बोलणी सुरू झाली, तेव्हा मुलगी लहान आहे, राजा वाट पाहणार नाही आणि तिच्या शरीराला इजा होईल, असे सांगून या आजीने आणि मुलीच्या आईने विरोध केला. सातव्या हेन्रीने स्पेनच्या वकिलाला ही गोष्ट स्वतः सांगितली होती. म्हणजे त्या काळच्या स्त्रीला ते गैर वाटत होते, तिला त्याचे कारण स्वतःच्या देहावरून माहीत होते, आणि राजाला ते ऐकून घ्यावे लागले. नात 1503 मध्ये स्कॉटलंडला गेली, तेव्हा ती तेरा वर्षांचीच होती, हेही मी लपवत नाही. अत्याचाराचा प्रसंग पानभर रंगवणाऱ्या कादंबरीत ही चाळीस वर्षांनंतरची आजी मला कधीच भेटलेली नाही.

भूर्जपत्र :

मला हा सगळा वाद चुकीच्या पायावर उभा वाटतो. ज्या कथेत ड्रॅगन उडतात तिला 1315 च्या पावसाचे बंधन कशाला? कादंबरीचे सत्य तिच्या आत असते. लेखकाने आपल्या जगाचे नियम पाळले, तर सेंट ऑल्बन्सच्या जात्याचा हिशोब त्याच्याकडे मागण्याचा आपल्याला अधिकार नाही.

ओंजळ :

भूर्जपत्र, लेखकाने इतिहासाचा आधार घेतला नाही तर मी काहीच मागणार नाही. पण ‘मध्ययुग असेच होते’ हे वाक्य बचावासाठी वापरले, की तो दावा इतिहासाविषयीचा होतो आणि त्याची तपासणी होणारच. शिवाय बहुसंख्य वाचकांना त्या काळाची ओळख अशाच पुस्तकांतून होते.

खडकमाळ, 1355 च्या मोहिमेबद्दल आपले म्हणणे खरे आहे, आणि हिंसा व भूक यांची मी केलेली फारकत टिकत नाही हे मी मान्य करते. मात्र आपण जो महसुलाचा हिशोब सांगितलात, तोच या कादंबऱ्यांत नसतो. तिथे गाव जाळणारा सरदार बहुधा विकृत असतो, त्याला जाळण्यात आनंद वाटतो. वाचकाची अशी समजूत होते, की क्रूर माणसे नसती तर गावे वाचली असती. कार्कासोन जाळणारा युवराज मात्र आपल्या समजुतीप्रमाणे उत्तम राजपुत्राचे कर्तव्य करत होता. आणखी एक गोष्ट म्हणजे ते खालचे नगर पुन्हा उभे राहिले, आज तिथे वस्ती आहे. कादंबरीतले जळलेले गाव नायक पुढे निघाला की कायमचे संपते. राखेत परतून पहिले छप्पर कोणी घातले, लाकूड कुठून आणले, देणी कोणी माफ केली, हे विचारायला कोणी थांबत नाही.

एक प्रथा आठवली म्हणून सांगते. इंग्लंडमधला बांधील कूळ मेला, की त्याच्या गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर जमीनदाराकडे जाई. याला ‘हेरिअट’ म्हणत. पुष्कळ ठिकाणी दुसरे चांगले जनावर चर्च नेई. ज्या आठवड्यात घरातला नांगरणारा गेला, त्याच आठवड्यात नांगराचा बैलही गेला. त्यासाठी कोणाला तलवार उपसावी लागत नसे, कारकून वहीत नोंद करी.

रानवाट :

दोन्ही बाजू ज्या पुराव्यावर बोलत आहेत, तो बहुतेक वेळा एकाच खड्ड्यात सापडतो. यॉर्कशरमध्येच व्हॅरम पर्सी हे ओसाड पडलेले गाव आहे. तिथल्या दफनभूमीतल्या साडेसहाशेहून अधिक सांगाड्यांचा अभ्यास झाला, आणि तिथल्या मुलांची वाढ आजच्या मुलांच्या मानाने फार खुंटलेली होती असे दिसले. त्याच दफनभूमीत सुमारे चाळीस वर्षांच्या एका पुरुषाची कवटी मिळाली. कशाच्या तरी जबर आघाताने ती खचली होती, कोणीतरी शस्त्रक्रिया करून फुटलेले हाड काढले होते, आणि कडा भरून आल्या होत्या. म्हणजे हा माणूस त्यानंतरही जगला. त्या साध्या खेड्यात कवटी उघडण्याचे धाडस असलेला हात होता, आणि जखम भरेपर्यंत रुग्णाजवळ बसणारे कोणीतरी होते.

फ्रान्समधल्या पिरेनीज डोंगरातल्या मोंतायू गावाची हकिकतही अशीच आहे. तिथल्या बायका उन्हात बसून आपल्या माणसांच्या डोक्यातल्या उवा काढत आणि काढता काढता गावातल्या भानगडींपासून आत्म्याच्या मुक्तीपर्यंत सगळे बोलत. ग्रिमडार्क कादंबरीत उवा असतात, त्या घाण दाखवण्यासाठी. मोंतायूत उवा काढणे हा जिव्हाळा होता.

खडकमाळ :

रानवाट, मोंतायूतला तो जिव्हाळा आपल्यापर्यंत कसा पोहोचला, हे सांगायचे राहिले. पाखंडी मते शोधून काढण्यासाठी बिशप जाक फूर्निए याने 1318 ते 1325 या काळात या लोकांच्या जबान्या घेतल्या. त्यांना बोलावून, काहींना कैदेत ठेवून, एकमेकांविरुद्ध बोलायला लावून त्या लिहून घेतल्या गेल्या. हा बिशप पुढे पोप झाला. उन्हातल्या त्या बायकांचे शब्द आपल्याला चौकशीच्या खोलीतून ऐकू येतात. ग्रिमडार्कवर सर्वत्र काळोखच दिसल्याचा आरोप होतो, पण इथे तर उजेडाची नोंदच काळोखाने ठेवली आहे.

पूर्वरंग :

मी मराठीत एक अद्भुतकादंबरी लिहिण्याचा प्रयत्न करत आहे, म्हणून ही चर्चा मला फार जवळची वाटते. आरंभी माझ्याही हातून युरोपीय छापाचे किल्ले आणि चिखलाने भरलेल्या गल्ल्या येत होत्या, कारण ‘वास्तव मध्ययुग’ म्हणजे ते चित्र, असे डोक्यात बसले होते. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी संकलित केलेले लीळाचरित्र पुन्हा वाचले, तेव्हा प्रवास, मुक्काम, जेवणखाण आणि रुसवेफुगवे यांची केवढी बारीक नोंद आपल्याच भाषेत आहे हे जाणवले. आणि सेंट ऑल्बन्सच्या फरशीविषयी वाचताना मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. आपल्याकडे बाईने मनातले बोलण्याची जागाच ती होती. जाते जप्त करणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागणार नाही. माझ्या कादंबरीत लढाई राहील, पण तिच्या आधीच्या पहाटे जात्याची घरघर ऐकू येईल एवढे मी ठरवले आहे.

ओंजळ :

पूर्वरंग, ती पहाट वाचायला मी उत्सुक आहे.

खडकमाळ यांच्या मुद्द्याला उत्तर म्हणून जबानीऐवजी स्वेच्छेने लिहवून घेतलेले एक पत्र पुढे ठेवते. नॉरफकमधल्या मार्गारेट पॅस्टनने 1448 मध्ये लंडनला असलेल्या आपल्या पतीला ते पाठवले. ग्रेशम येथील त्यांची जहागीर एका सरदाराने बळकावली होती. पत्रात ती क्रॉसबो, ते ताणण्याची यंत्रे आणि बाण मागते, कारण घर इतके ठेंगणे आहे की आतून लांब धनुष्य चालवता येणार नाही. शत्रूने त्याच्या ताब्यातल्या घराच्या दारांना अडसर घातले आहेत आणि बाण व बंदुकांसाठी भिंतींना भोके पाडली आहेत, हेही ती कळवते. आणि त्याच पत्रात एक पौंड बदाम, एक पौंड साखर आणि मुलांच्या अंगरख्यांसाठी जाड लोकरी कापड आणायला सांगते. शस्त्रे आणि साखर एकाच यादीत लिहिणारी ही बाई मला या प्रकारच्या कादंबरीत हवी आहे. तिला भीती वाटत नव्हती असे मी म्हणत नाही. मुलांना थंडी वाजते हे तिला भीतीतही दिसत होते.

खडकमाळ :

पत्र सुंदर आहे, पण पुढची हकिकतही याच कुटुंबाच्या कागदपत्रांत आहे. पुढे एका जानेवारीत त्या सरदाराने मोठी सशस्त्र टोळी पाठवली. पतीच्या तक्रारअर्जात हा आकडा हजार दिला आहे. त्यांनी मार्गारेट ज्या खोलीत होती तिची भिंत खणून पाडली, तिला उचलून बाहेर नेले आणि घर लुटले. तक्रारअर्ज लिहायला तिच्याकडे वकिली जाणणारा पती होता. त्या घरात तिच्यासोबत थोडे नोकरचाकर होते, आणि त्यांच्यासाठी कोणी अर्ज केला नाही. आपली मार्गारेट कादंबरीत अवश्य यावी. पण तिचे बदाम सोलणारी जी मुलगी त्या दिवशी स्वयंपाकघरात असेल, तिचे काय झाले हे कोणत्याही कागदात मिळणार नाही, आणि ते लिहिताना लेखकाचा हात थरथरला, त्याने पाहू नये ते पाहिले, तर मी त्याला अतिरेकी म्हणणार नाही.

सांजवेळ :

खडकमाळ, त्या मुलीचे काय झाले ते लेखकाने जरूर लिहावे. मात्र दुसऱ्या दिवशी ती उठून कुठे गेली, तेही त्यानेच लिहावे.