लिलावातील जुन्या मसल कारची किंमत योग्य असते का?

प्रश्न (जळगाव): १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडता येणारी अमेरिकन मसल कार (मोठ्या, ताकदवान इंजिनाची गाडी), २०१४ मध्ये अमेरिकेतील सिअॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला विकली गेली. तिच्यात एवढे मोल नेमके कशाचे आहे?

उत्तर (धुळे): दुर्मिळतेचे आणि अस्सलपणाचे. सुमारे ७ लिटरचे हेमी (अर्धगोलाकार ज्वलनकक्षाचे) इंजिन असलेल्या त्या वर्षीच्या कन्व्हर्टिबल गाड्या जेमतेम डझनभर बनल्या. तुम्ही जळगावकर कस पाहिल्याशिवाय सोने घेत नाही. तसेच तिथे इंजिनावरील क्रमांक मूळ गाडीशी जुळतो का, हे आधी तपासतात, आणि इंजिन बदललेले निघाले, तर रंग कितीही झळाळत असला तरी भाव उतरतो.

उत्तर (भुसावळ): माझे गॅरेज आहे, म्हणून आग्रहाने सांगतो की, केवळ नफ्यासाठी अशी गाडी घेऊ नये. बोलीवर लिलावगृहाचे कमिशन चढते, सुटे भाग परदेशातून मागवावे लागतात आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबरी नळ्या लवकर तडकतात. शिवाय भारतात ५० वर्षांवरील गाडीची विंटेज म्हणून नोंदणी करण्यास २०,००० रुपये लागतात, पण मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. क्रमांक जुळण्याचा मुद्दा मला ठाऊकच नव्हता.