मदत हवी आहे: ट्रान्सफॉर्मर तेलातला करंट एका जागी थांबतच नाही

नमस्कार मंडळी,

ट्रान्सफॉर्मर तेलाचा रोध मोजतोय. दोन सपाट स्टीलचे इलेक्ट्रोड, मध्ये २ मिमी फट, गार्ड रिंग (कडेची गळती मोजणीत येऊ नये म्हणून लावलेली कडी) आहे, ५०० व्होल्ट डीसी. सुरुवातीला १.२ नॅनोअँपियर दिसतो आणि मिनिटभरात निम्म्याच्याही खाली येतो. कपॅसिटर चार्ज होतोय म्हणावं, तर ते क्षणात उरकायला हवं. १००० व्होल्ट दिले तरी मिनिटानंतरचा करंट थोडासाच वाढतो. पोलॅरिटी उलटवली की मात्र कमालच! करंट आधी चढतो, आठेक सेकंदांनी शिखर गाठतो, मग उतरतो. मीटर, केबल बदलून झालं. तेल न भरलेल्या सेलला (इलेक्ट्रोडच्या भांड्याला) असलं काही होत नाही. ओहमचा नियम रजेवर गेलाय का? नोंदवहीत कोणता आकडा लिहू?

प्रतिसाद १
तेल ओलं असणार. व्हॅक्यूममध्ये गरम करून परत बघा.

प्रतिसाद २
ओलावा काढल्याने करंट घटेल, पण हे चढउतार जाणार नाहीत. मीटर ठीक आहे तुमचा.

तेलात धातूसारखे मोकळे इलेक्ट्रॉन नसतात, वाहतात ते अशुद्धीचे आयन (विद्युतभार असलेले कण). पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (द्रवात आयनांमधली ओढ किती पटींनी कमी होते तो आकडा) ८० च्या आसपास, तेलाचा जेमतेम २.२. त्यामुळे एकमेकांच्या ओढीतून सुटायला आयनांना पाण्यात ०.७ नॅनोमीटर अंतर पुरतं, तेलात २५ च्या आसपास लागतं. बहुतेक आयन जोडीनेच राहतात, सुटे फार थोडे.

आता हिशेब. अशा तेलात आयनांची चलता (विद्युत क्षेत्रात ते किती वेगाने सरकतात त्याचं माप) एसआय एककात १० चा उणे ९ वा घात, या घरात असते. ५०० व्होल्टला २ मिमी ओलांडायला ८ सेकंद. तुमचं शिखर बरोबर तिथेच! उलटवल्यावर इलेक्ट्रोडपाशी साचलेला थवा पलीकडे पोचतो, तो हा क्षण. सुट्या आयनांची भरपाई व्हायला मात्र, वाहकता एसआय एककात १० च्या उणे १२ व्या घाताची धरली, तर साधारण २० सेकंद. उपसा ८ सेकंदांचा, झरा २० चा, विहीर आटणारच. १००० व्होल्टला उपसा वाढला, झरा तेवढाच.

(दर मीटर अंतराला कित्येक दशलक्ष व्होल्ट झाले की गोष्ट वेगळी. विद्युत क्षेत्रच जोड्या फोडू लागतं, हे रसायनशास्त्रज्ञ लार्स ऑन्सागरने १९३४ मध्ये गणिताने मांडलं. शिवाय इलेक्ट्रोडवरूनही आयन तेलात शिरतात.)

वाहकता हवी तर कमी व्होल्टेजला, अगदी सुरुवातीचा करंट घ्या. आयईसी ६१६२० या आंतरराष्ट्रीय मानकात चौकोनी लहर (ठरावीक वेळाने दिशा उलटणारं व्होल्टेज) वापरतात ती याचसाठी, आयन उपसले जाण्याआधीच दिशा बदलते.

धागाकर्ता
१०० व्होल्टला ०.२४ नॅनोअँपियरवर सुरू झाला आणि फारसा घसरला नाही! पण तेल ६० अंशांवर नेलं तर कैक पटींनी वाढला. खराब झालं का?

प्रतिसाद २
नाही हो. तेल पातळ झालं की आयन पळतात, आणि गरमीत सुटेही जास्त होतात. आकड्याशेजारी तापमान, व्होल्टेज आणि कितव्या सेकंदाला मोजलं ते लिहा. थंड झाल्यावर पुन्हा ०.२४ आला तर तेलाला काही झालेलं नाही.