गरम झाल्यावर झिरो-टर्नचं एक चाक दम सोडतं: तेल बदलावं की ट्रान्समिशन?

हिरवळवाला
माझं झिरो-टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणारं गवत कापायचं यंत्र, ३८० तास चाललंय. मागच्या प्रत्येक चाकाला तेलाच्या दाबावर चालणारं वेगळं ट्रान्समिशन आहे. थंड असताना दोन्ही चाकं सारखी ओढतात. पाऊण तास कापणी झाली की चढावर डावं चाक मंदावतं आणि यंत्र डावीकडे खेचतं. पंप आणि मोटर एकाच खोक्यात, बाहेर फिल्टर, तेलाची टाकी दोन्ही बाजूंना मिळून एक. तेल आजवर बदललेलं नाही. नवीन २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल घालून भागेल का? आणि यंत्रच बदलायची वेळ आली तर ट्रान्समिशनमध्ये काय बघायचं?

पाना१३
तेलाला हात लावण्याआधी बाहेरून तपासा. दोन्ही पंप एकाच पट्ट्यावर असतील आणि एकच बाजू मरत असेल, तर पट्टा बहुधा निर्दोष. फक्त डाव्या पुलीवर तेल सांडलेलं नाही ना, एवढं बघा. मग डाव्या पंपावरचा पंखा. त्याची दोन पाती तुटली किंवा खोक्याच्या कंगोऱ्यांत तेलात भिजलेलं गवत चिकटून बसलं, तर तीच बाजू जास्त तापते. पार्किंग ब्रेक डाव्या बाजूला पूर्ण सुटतो का? बायपासचा दांडा (यंत्र हाताने ढकलता यावं म्हणून चाक मोकळं करणारा) नीट बंद आहे का? तो जरा जरी उघडा राहिला तरी दाबाखालचं तेल मोटरला काम न देताच पंपाकडे परततं. शेवटी, हँडल पूर्ण पुढे ढकलल्यावर पंपावरचा आर्म दोन्हीकडे सारखाच फिरतो का तेही बघा.

हे सगळं ठीक निघालं तर आत झीज आहे. पिस्टन आणि सिलिंडर ब्लॉक यांच्यातली बारीक फट तेलाच्या थरानेच बंद राहते. झिजून ती वाढली की थंड, घट्ट तेल वेळ मारून नेतं. तेच तापून पातळ झालं की दाब गळतो, आणि गळतीतून उष्णता आणखी वाढते. म्हणून दुखणं पाऊण तासानेच दिसतं.

तेलकट_हात
तेल तसंही बदलायला उशीर झालाय. हायड्रो-गियर कंपनीच्या फिल्टरवाल्या झेडटी-३१०० सारख्या ट्रान्समिशन युनिटला पहिला बदल ७५ ते १०० तासांत आणि पुढे दर ४०० तासांनी सांगतात. तुमच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

आधी फिल्टरभोवतीची माती ब्रशने काढा, नाहीतर ती थेट आत जाते. फिल्टर काढला की तेल तिथूनच उतरतं. टाकी सामाईक आहे, म्हणून दोन्ही बाजू एकाच वेळी करा. नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट लावून हातानेच बसवा. रबर टेकल्यावर पाऊण ते एक फेरा, पाना नको. मग दोन्ही खोक्यांवरचे वरचे प्लग काढून टाकीतून तेल ओता. ज्या छिद्राशी तेल दिसेल तो प्लग लगेच लावा, आणि टाकी थंड असतानाच्या खुणेपर्यंत भरा.

आता हवा काढणं. बरेच जण हे टाळतात आणि मग नवीन तेलालाच नावं ठेवतात. मागची चाकं स्टँडवर उचला, पुढची अडवा, ब्रेक सोडा, बायपास उघडा. इंजिन मंद ठेवून हँडल सावकाश पुढे-मागे ५-६ वेळा. बायपास बंद करून पुन्हा तेवढंच. इंजिन बंद करून तेल भरा. चाकं दोन्ही दिशांना सुरळीत फिरेपर्यंत हे चालू द्या.

काढलेलं तेल पांढऱ्या ताटात बघा. पहिल्या बदलात हलकी करडी झाक चालते. पिवळसर चमचमणारे कण म्हणजे आतली पितळी पृष्ठं घासली गेली. दुधाळ रंग म्हणजे पाणी, आणि त्याचं नेहमीचं कारण प्रेशर वॉशर.

चढउतार
कण दिसले तर तेलावर आणखी पैसे घालू नका. जास्त घट्ट तेल घालून दुखणं काही दिवस झाकलं जातं, इतकंच.

नवीन घेताना इंजिनाच्या हॉर्सपॉवरवर भुलू नका. हायड्रो-गियरच्याच ईझेडटीसारख्या छोट्या युनिटला बाहेर फिल्टर नसतो. तेल बदलायला ते खाली उतरवून उलटं करावं लागतं. सपाट अंगणाला ते पुरतं. रोज काही तास, चढ किंवा मागे ट्रॉली असेल तर फिल्टरवालंच घ्या. वेगळे पंप आणि वेगळ्या व्हील मोटर असलेली रचना महाग, पण बिघडलेला भाग तेवढाच बदलता येतो. मूळ मापापेक्षा मोठे टायर लावू नका. त्याच चढाला मोटरला जास्त जोर लागतो. जुनं यंत्र घेताना थंड इंजिनावर निर्णय नको, अर्धा-पाऊण तास कापून मग चढावर न्या.

हिरवळवाला
पंख्याची तीन पाती गायब निघाली! एक शंका: गाडीच्या इंजिनाचा फिल्टर त्याच आट्यांवर बसतोय, चालेल?

तेलकट_हात
नाही. आटे जुळले तरी आतली जाळी आणि फिल्टरमधल्याच बायपास झडपेचा दाब वेगळा असतो. तेल कमी पोचलं तर पंप आधी कण्हतो, मग मरतो. आधी पंखा बदला, कंगोरे साफ करा, मग तेल. आणि बायपास उघडून यंत्र दुसऱ्या गाडीला बांधून ओढू नका, तो दांडा फक्त हाताने ढकलण्यापुरता आहे.